तंबाखूची खतावणी

सुरतेत उधन्याला आमची खोली आहे. चारी बाजूंनी पॉवरलूमचे कारखाने, त्यांचा खडखडाट दिवसरात्र चालू. पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप लागत नाही. आम्हांला मात्र वीज जाऊन आवाज थांबला की दचकून जाग येते. शाळा महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची. वर्गात बहुतेक मुले खानदेशातली, त्यामुळे ‘हाय की’, ‘न्हाई रं’ म्हणणारा मी एकटाच, आणि माझ्या बोलण्याची नक्कल हा मधल्या सुट्टीतला करमणुकीचा कार्यक्रम असे. आईचे माहेर चिकोडीकडचे. ती चिडली की कन्नड बोलते, म्हणून कन्नडमधली रागावण्याची क्रियापदे मला आधी आली आणि बाकीची भाषा मागाहून. गल्ली गुजराती. वडील निपाणीकडचे.

बारावी झाल्यावर वडिलांनी मला आज्जाकडे पाठवायचे ठरवले. आज्जा-आज्जी गावी दोघेच, वये सत्तरीच्या पुढची. मी तिथे राहून कॉलेज करावे, त्यांना सोबत व्हावी, असे सांगण्यात आले. दुसरे कारण निघताना कळले. वडील रिंग रोडवरच्या कापड मार्केटात गुमास्ते आहेत. शेठजींकडून दिवाळीला मिळालेली लाल कापडी पुठ्ठ्याची एक चोपडी त्यांनी माझ्या पिशवीत ठेवली. पहिल्याच पानावर शुभ-लाभ छापलेले. म्हणाले, “दोन वर्षं नीट बघ. वरच्या माळाच्या तुकड्यात आज्जा अजून तंबाखू करतोय. त्यात काय सुटतंय ते ह्यात लिहून आण. सुटत नसलं तर विकून टाकू आणि इथं आणखी एक खोली घेऊ. तू कॉमर्सचा हायस. मला भावनेचं काही सांगू नकोस, आकडे सांग.”

त्या चोपडीत जे लिहिता आले नाही ते इथे लिहितो आहे. आपल्या कॉलेजातल्या पुष्कळांना यातले बरेचसे ठाऊक असेल. त्यांनी सुरतेच्या पोराला सांभाळून घ्यावे. पण एकदा वर्गात मी सहज विचारले, तंबाखूची लागण स्वतःच्या हाताने कोणी केली आहे? हात वर झाले ते दोनच. उसाचे विचारले तेव्हा अर्धा वर्ग. तेव्हा अगदीच शिळे होणार नाही असे वाटते.

पहिल्या वर्षी येताना कोल्हापूर सुटले, कागल गेले, कोगनोळीला हद्द ओलांडली आणि पाट्यांवरची अक्षरे बदलली. मी एस.टी.च्या खिडकीतून तंबाखू शोधत होतो. ‘तंबाखूचा मुलूख’ हे शब्द वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेले. दिसला तो ऊस. दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठचा पट्टा उसाने भरलेला, मधूनमधून सोयाबीन, आणि उसाच्या वर डोकावणारी देवळांची शिखरे. तंबाखू कुठे आहे, असे शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले तर तो हसला. “माळाला गेली,” म्हणाला. जणू गुरे चरायला गेली आहेत.

खरेही तेच आहे. विडीची तंबाखू म्हणजे कोरडवाहू पीक, ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या रानातले. काळम्मावाडीचे धरण झाले, नदीवर मोटारी बसल्या, साखर कारखाने निघाले, तशी तंबाखू पायरीपायरीने वर सरकत गेली. आमच्या दोन एकरांपैकी नदीकडचा दीड एकर आता एका भाऊबंदाकडे उसासाठी वाट्याने आहे. वरचे वीस गुंठे आज्जाने सोडलेले नाहीत. २०१९ आणि २०२१ या दोन्ही साली यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले, रस्ता बंद पडला. आमचा खालचा ऊसही दोन्ही वेळा बुडाला. आज्जा तेवढेच धरून बसला आहे. “माळावर पाणी चढत न्हाई आणि तंबाखूला गुरं तोंड लावत न्हाईत. राखणीबिगरचं दुसरं पीक दाव मला.”

गुरे तोंड लावत नाहीत, हे खरे आहे. शेळीसुद्धा बांधावरून मान वळवून जाते. हे सुरतेच्या माणसाला नवीन होते.

मृगात आज्जाने तरू टाकला तेव्हा मी शेजारी बसून होतो. तंबाखूचे बी इतके बारीक, की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर दाणे भरतात. चिमटीत धरले तर कातडीच्या रेघांत शिरते. म्हणून ते राखेत कालवतात आणि राखेसकट वाफ्यावर फेकतात. आमच्या अख्ख्या वीस गुंठ्यांचे बी आज्जाच्या काडेपेटीत मावले होते. पुढे दीडदोन महिन्यांनी रोपे उपटून रानात लावायची, मग कोळपण्या, मग दसऱ्याच्या सुमारास शेंडे खुडायचे म्हणजे झाड फुलावर न जाता पानाला जाड होते. शेंडा गेला की झाड हट्टाने बगलेतून फुटवे काढते, ते दर आठवड्याला मोडायचे. प्रत्येक झाडाला, प्रत्येक पानाच्या बगलेत, वाकून. आज्जा म्हणतो, उसाला मालक वर्षातून चार वेळा भेटतो, तंबाखूला रोज भेटावे लागते.

फुटवे मोडायच्या पहिल्याच सकाळी मला तंबाखू लागली. दहिवर पडलेले होते, सदरा भिजला. नऊच्या सुमारास डोके गरगरले, पोटात ढवळले, आणि मी बांधावर बसून आदल्या दिवशीचे जेवणही ओकून टाकले. ओल्या पानातले विष अंगातून आत जाते, हे मी नंतर वाचले. त्या वेळी आज्जी फक्त म्हणाली, “लागली वाटतं. पैल्या वर्साला समद्यास्नी लागती.” हातांवर काळा चिकट थर चढला होता. राख आणि लिंबू लावून घासले तरी रात्रीची भाकरी कडू लागली. आज्जीच्या हाताची भाकरी मात्र कधी कडू लागत नाही. पन्नास वर्षे ती हेच करते आहे आणि तिचे हात कसे धुतले जातात, ते मला अजून समजलेले नाही.

त्याच दिवसांत कुर्ली-आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेला आज्जाबरोबर गेलो. धनगरांचे ढोल रात्रभर घुमत होते. सुरतेच्या लूमची सवय असलेला मी त्या आवाजात देवळाच्या भिंतीला टेकून चक्क झोपलो. पहाटे आज्जाने हलवून उठवले, कारण भाकणूक सुरू झाली होती. पुढच्या सालचा पाऊस, पीकपाणी, महागाई, राजकारण, सगळे त्यात सांगतात. मराठी आणि कन्नड बोलणारी हजारो माणसे श्वास धरून ऐकत उभी होती. आज्जाने एकही शब्द सोडला नाही. येताना मी विचारले, “आज्जा, खरं होतं का हे?” तो म्हणाला, “येपाऱ्यानं सांगितल्यालं खरं व्हतं का? त्येच्यापरीस देवाचं ऐकावं, देव वजनात काटत न्हाई.”

कन्नडवरून आठवले. चोपडीत जमिनीचे क्षेत्र बरोबर लिहावे म्हणून मी पहाणीचा उतारा काढून आणला. तो कन्नडमध्ये. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा आज्जा पाच वर्षांचा होता. म्हणजे उभ्या आयुष्यात स्वतःच्या जमिनीचा कागद त्याने दुसऱ्याकडून वाचून घेतला आहे. आईची कन्नड मला बोलता येत होती, वाचता येत नव्हती. इथे येऊन वर्षभर दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरे जुळवली होती. ती पणाला लावून मी उतारा आज्जाला मोठ्याने वाचून दाखवला. अडखळत, पण त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, एकर आणि गुंठे. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “म्हंजे आपलंच हाय की.” तंबाखूला कन्नडमध्ये होगेसोप्पु म्हणतात, धुराची भाजी. आज्जाला हा शब्द आधीपासून माहीत होता. मलाच गंमत वाटली.

पौष लागला की पानांवर तांबूस ठिपके उठतात. ते उठले की पीक तयार. मग कापणी, आणि पाने रानातच उन्हात पसरायची, उलटायची. वाळल्यावर गोळा करायची ती पहाटे, दहिवराने मऊ असताना, नाही तर हातात चुरा होतो. सगळ्या माळावर एक गोडसर, घशाला खवखवणारा वास असतो. मला तो वास आवडतो. हे लिहावे की नाही, याचा मी विचार केला होता.

कारण नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या एन.एस.एस.चे शिबिर आज्जाच्याच गावात लागले. विषय व्यसनमुक्ती. पथनाट्यात मला रोग्याचे काम मिळाले, सुरतेचे गुजराती हेल काढून बोलतो म्हणून असेल. गळ्याला फडके गुंडाळून मी मारुतीच्या देवळापुढे खोकत खोकत मेलो. टाळ्या चांगल्या पडल्या. ‘तंबाखू सोडा, संसार जोडा’ अशी घोषणा देत आम्ही गावातून फिरलो. दोन्ही बाजूंच्या अंगणांत तंबाखूची पोती भरणे चालले होते, आणि बायका पोती भरता भरता कौतुकाने आमच्याकडे बघत होत्या. आज्जा पारावर पहिल्या रांगेत होता. आज्जा स्वतः तंबाखू खात नाही, ओढत नाही. आज्जी मात्र मिश्री लावते. तव्यावर मिश्री भाजल्याचा वास आमच्या घरी रोज सकाळी चहाच्या आधी येतो. शिबिराच्या जोशात तिची डबी मी दोन दिवस लपवून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी ती माझ्या उशाखाली हात घालून सरळ घेऊन गेली.

रात्री जेवताना आज्जा म्हणाला, “ब्येस बोललास. मेलास बी ब्येस.” मग थोड्या वेळाने, भाकरी मोडता मोडता: “पुढच्या म्हैन्यात फी भरायची न्हवं तुजी?”

मी मान खाली घातली. फी त्या पोत्यांतूनच जाणार होती. त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरोखरच तारीख हवी होती.

आता १९८१. आपल्या भागात हे साल कोणाला समजावून सांगायला नको, पण माझ्या वयाच्या मुलांना ते बहुधा आजोबांच्या कंटाळवाण्या गोष्टींतले वाटते. मलाही वाटे. कच्च्या तंबाखूवर १९४३ साली अबकारी कर बसला होता, तो १९७९ मध्ये उठला. कर गेला तरी भाव आला नाही. माल वखारीत जाई, ओल, काडी आणि माती यांच्या नावाने वजन कापले जाई, आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. पुढच्या सालचा तरू टाकायची वेळ आली तरी मागच्या सालची बाकी येणेच असे. मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगलोर महामार्गावर बसले. तीन आठवड्यांच्या वर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि दहाच्या वर शेतकरी त्यात गेले.

आज्जा तेव्हा तिशीचा. तो आंदोलनाचे पुष्कळ सांगतो: रस्त्यावर मांडलेल्या बैलगाड्या, रात्रीची भजने, गावागावांतून येणाऱ्या भाकऱ्यांचे ढीग, कुठल्या गावचा ठेचा तिखट होता तेही. सहा तारखेचे सांगत नाही. दोन वर्षांत एकदाच, पोत्यांना टाके घालताना, आपणहून म्हणाला: “आदल्या राती मी भाकऱ्या आणाय गावाकडं आल्तो. सकाळी गाडी जुपून निगालो तर वाटंत मान्सं उलटी पळत येत व्हती.” एवढेच. त्या भाकऱ्यांचे पुढे काय झाले, हे विचारायचे मला धैर्य झाले नाही. आज्जी म्हणते, त्यानंतर कित्येक दिवस तो घरात भाकरी बांधून घेऊन जायला तयार नसे. रानातून जेवायला घरी येई.

त्याच सुमारास वखारीतल्या बायांचीही संघटना उभी राहिली. वखारीत तंबाखू कुटायची, चाळायची, दिवसभर त्या धुरळ्यात बसायचे, हे काम बायांचे. १९८२ साली युगांतर नावाच्या गटाने त्यांच्यावर एक माहितीपट काढला, ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. आज्जी वखारीत गेली नाही, घरी बसून विड्या वळल्या. टेंभुर्णीचे पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कातरायचे, चिमूटभर जर्दा, एक वळसा, तोंड मुडपून वर दोरा. दिवसाला हजार. त्यातल्या वाकड्या, ढिल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जात आणि त्यांची मजुरी मिळत नसे. विडी कामगारांसाठी कायदा १९६६ सालीच झालेला होता, हे मी तिला सांगितले तेव्हा तिने विचारले, “मग तवाच का न्हाई सांगितलंस?” आता तिला दोऱ्याची गाठ दिसत नाही. पण टीव्हीपुढे बसली की तिची बोटे मांडीवर आपोआप वळत असतात.

आणि या घरातला मुलगा, म्हणजे माझे वडील, सुरतेला कसे पोचले? तर वखारीतल्या एका गुजराती दिवाणजीच्या चिठ्ठीवर. निपाणीच्या वखारवाल्यांत गुजराती व्यापारी पुष्कळ, आणि त्यांचे सगेसोयरे गुजरातभर. ज्यांच्याशी भावासाठी भांडलो त्यांच्याकडूनच आज्जाने पोराच्या नोकरीची चिठ्ठी घेतली. मी त्याला हे बोलून दाखवले तर म्हणाला, “भांडान भावाचं व्हतं, मान्साचं न्हवतं.”

मे महिन्यात सुट्टीला सुरतेला गेलो तेव्हा चोपडी भरत आली होती. घरी हिशेब दाखवायचा धीर होईना, म्हणून चार दिवस मी गावभर भटकलो. सुरतेत जन्म काढून मी कतारगामजवळची इंग्रजांची दफनभूमी कधी पाहिली नव्हती. तिथे घुमटाखाली जॉर्ज ऑक्सेंडेन आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा हा प्रमुख. आमच्या शाळेत हा धडा शिकवताना सरांचा आवाज चढत जाई, आणि मग खिडकीबाहेरची गुजराती गल्ली आठवून एकदम खाली येई. त्या धड्यात ‘वखार’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला. मला वाटे, वखार म्हणजे किल्ल्यासारखे काहीतरी, तोफा वगैरे असलेले. निपाणीत आल्यावर पाहिले, तर वखार म्हणजे पत्र्याचे छप्पर, पोती, तराजू आणि शिंका.

नर्मद ग्रंथालयात बसून थोडे वाचलेही. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. अकबराचा सरदार असद बेग १६०४ च्या सुमारास आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे, म्हणजे आपल्या विजापुरात, त्याने ही नवी वस्तू पाहिली आणि रत्नजडित हुक्क्यासह आग्र्याला बादशहापुढे नेली. अकबराने दोनचार झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली. जहांगिराने १६१७ साली बंदीच घातली. ती किती पाळली गेली, हे समजायला इतिहासाचे सर लागत नाहीत. आमच्या कॉलेजसमोरची टपरी पुरते. एडवर्ड टेरी हा पाद्री १६१६ मध्ये सुरतेच्या बंदरात उतरला, त्याने लिहून ठेवले आहे की या देशात तंबाखू भरपूर पेरतात, पण ती मुरवून कडक कशी करायची हे यांना कळत नाही. हे वाचून मला आज्जाचा अपमान झाल्यासारखे वाटले, आणि ग्रंथालयात बसल्या बसल्या मी चक्क त्याची बाजू घेऊन मनात भांडू लागलो. त्याच आज्जाच्या अंगणापुढून मी चार महिन्यांपूर्वी घोषणा देत गेलो होतो.

पाचव्या दिवशी वडिलांनीच चोपडी मागितली.

हिशेब असा होता. अकाउंटन्सीच्या सरांची क्षमा मागून सांगतो, की मी दोन वेगवेगळे ताळे काढले होते. पहिल्यात खत, औषध, नांगरट, गाडीभाडे, बाहेरच्या मजुरांची मजुरी, एवढेच नावे टाकले. त्यात वीस गुंठ्यांवर दोन्ही वर्षी नफा दिसतो, माझी फी भागून थोडा उरेल इतका. दुसऱ्यात आज्जा, आज्जी आणि मी यांचे दिवस मोजले. सगळे दिवस मी टाचणात लिहून ठेवले होते: कोळपणीचे, शेंड्यांचे, फुटव्यांचे, पाने उलटायचे. त्यांना गावातल्या रोजगाराचा भाव लावला. नफा गेला आणि तोटा आला, दोन्ही वर्षी. कृषी मूल्य आयोगसुद्धा घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत वेगळी धरतो, हे मी खाली लिहिले होते. उत्पादनखर्चावर आधारित भाव, हेच तर १९८१ ला रस्त्यावर बसलेली माणसे मागत होती. पण हे लिहिले नाही, कारण आकडेच सांगायचे होते.

वडिलांनी चष्मा लावून सगळी पाने वाचली. मला वाटले, आता दुसऱ्या ताळ्यावर बोट ठेवून म्हणतील, विकून टाकू. ते म्हणाले, “काकाचं कुठं लिहिलंस?”

काका म्हणजे वडिलांचे जुने खोलीसोबती. धुळ्याकडचे. वडील सुरतेला आले तेव्हा दोघे एकाच खोलीत राहत, एकाच लूमवर पाळीपाळीने काम करत. काका विडी ओढायचे. वडील स्वतः ओढत नसत, पण गावाहून आले की विडीचे बंडल आणून द्यायचे आणि म्हणायचे, घ्या, आमच्याच माळावरची. ती थट्टा वीस वर्षे चालली. माझ्या बारावीच्या वर्षी काका घशाच्या कर्करोगाने गेले. शेवटचे सहा महिने त्यांना बोलता येत नव्हते. वडील रोज मार्केटातून थेट दवाखान्यात जात. मी पथनाट्यात जे फडके गळ्याला गुंडाळले ते कुठे पाहिले होते, हे मला त्या क्षणी समजले.

“जमीन विकायची न्हाई मला,” वडील म्हणाले. “आज्जाला तोंडानं सांगवत न्हाई, की तंबाखू बंद कर. त्यानं त्यापायी काय सोसलंय ते मला ठावं हाय. म्हटलं, तोटा दिसला तर हिशेबच त्याला सांगंल.”

मी काहीच बोललो नाही. विडीत कुणाच्या रानातली तंबाखू होती हे कोण सांगणार, कुटून चाळून सगळे एक होते. हे मनात आले, पण बोलण्यासारखे नव्हते. वडिलांनी चोपडी मिटून माझ्याकडे परत दिली. “तूच वाचून दाव त्याला,” म्हणाले.

जूनमध्ये इथे परतल्यावर मी आज्जाला दोन्ही ताळे वाचून दाखवले, उतारा दाखवला होता तसेच, मोठ्याने. दुसऱ्या ताळ्याला तो हसला. आज्जीच्या दिवसांची रक्कम पुन्हा वाचायला लावली आणि तिला हाक मारून म्हणाला, “आयकलीस का? एवढं पैसं देनं लागतोय मी तुजं.” आज्जी म्हणाली, “पन्नास वर्सांचं कर म्हनावं, दोन वर्सांचं काय करतोस!” मग मी काकांचे सांगितले. आज्जा काकांना ओळखत होता. एकदा सुरतेला आला असताना त्यांच्याच खाटेवर झोपला होता. तो बराच वेळ गप्प बसला. उठून गोठ्यात गेला, म्हशीला वैरण टाकली, परत आला. म्हणाला, “ह्या साली धा गुंठं करू. ऱ्हायल्याल्या धा गुंठ्यांत सोयाबीन टाक.” पुढच्या सालचे विचारले तर म्हणाला, “भाकनूक होऊ दे.”

त्याचा गुडघा आता वाफ्यापाशी बसू देत नाही. त्यामुळे या मृगात काडेपेटीतले बी राखेत कालवून तरू मी टाकला. तिसऱ्या आठवड्यात तो दाट, एकसारखा उगवला. शेजारचे लोक येऊन बघून गेले आणि सुरतेच्या पोराचा हात बरा आहे म्हणाले. हे मी वडिलांना अजून कळवलेले नाही. फोनवर दोनदा बोलणे झाले, दोन्ही वेळा सोयाबीनचेच सांगितले. हा अंक निघाला की त्याची एक प्रत सुरतेला पाठवीन.